मधले तीन तुकडे

नगर,
८ जानेवारी २०२४

ती. महमूदचाचांना सलाम.

फोनवर तुम्हाला आता काहीच ऐकू येत नाही, असं तुमच्या नातीनं, अर्शीनं सांगितलं. मोबाईलवरची बारीक अक्षरंही वाचवत नाहीत म्हणे. म्हणून कागद घेऊन बसले आहे. बाबा असते तर त्यांनाच विचारलं असतं. पण त्यांच्या शेजारच्या मशीनवर बावीस वर्षं उभा राहिलेला माणूस सोनईत आहे, म्हटल्यावर दुसऱ्या कोणाकडे जाऊ?

माझी पीएच.डी. जोडावर आहे. मॅग्नेशियमच्या पट्ट्यांचा जोड. हा धातू लोखंडाच्या जेमतेम पाव वजनाचा. त्याला नेहमीचं वेल्डिंग मानवत नाही, बुडबुडे राहतात, कीस तर पेट घेतो. म्हणून आम्ही तो न वितळवता जोडतो. दोन पट्ट्या कडेला कड लावून पोलादी प्लेटवर घट्ट आवळायच्या आणि मिलिंग मशीनवर वरून एक फिरणारं अवजार दाबायचं. त्याच्या टोकाला छोटी पिन असते. घर्षणानं धातू तापून कणकेसारखा मऊ होतो, पिन दोन्हीकडचा धातू एकमेकांत घुसळत पुढे सरकते आणि मागे जोड तयार होतो. ना ठिणगी, ना धूर.

याचं स्ट्रेचर बनवायचं आहे, अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या उंबरवाडीसाठी. जीप खाली तीन किलोमीटरवर थांबते. आजारी माणसाला बांबूला घोंगडी बांधून, झोळी करून उतरवतात. आमच्या कॉलेजनं एका कंपनीबरोबर हलकं स्ट्रेचर करायला घेतलं. जोड किती दिवस टिकेल, हे सांगण्याचं काम माझ्याकडे आहे.

एका झटक्यात ओढून जोड तुटत नाही, मजबूत आहे. पण उचलणाऱ्याच्या प्रत्येक पावलाला तो थोडा ताणला जातो आणि सुटतो, आणि असं हजारो वेळा झालं की धातू थकतो. ते मोजायला मी पट्ट्यांचे नऊ तुकडे यंत्रात लावले. यंत्र सेकंदाला तीस वेळा ओढतं, सोडतं. सहा तुकडे तीस लाखांच्या पुढे गेले. तीन मात्र लाखाच्या आतच तुटले, त्यातला एक तर मी जेवून येईपर्यंत.

माझे गाईड गाडेकर सर म्हणतात, ते तीन कापतानाच बिघडले असतील, सोडून दे. सर वाईट माणूस नाहीत, त्यांनी आयुष्यभर धातूच शिकवला आहे. पण चाचा, तुम्हाला काय वाटतं? नऊतले तीन सोडून दिले तर चालतं का?

तुमची,
निकिता


सोनई
१७ जानेवारी

चि. निकिता बेटीस महमूदचाचाचा सलाम आणि दुवा.

पत्र पोचलं. अर्शी वाचून दाखवते म्हनली, मी म्हनलं दे इकडं, डोळे अजून हायत. दोनदा वाचलं.

जाळाशिवाय वेल्डिंग, हे काही माझ्या टाळक्यात लवकर बसलं न्हाई. मला वाटतं तुझं मशीनच लई गरम चालत असंल, न्हाईतर तुझा हात अजून नवा. तुझ्या बापाचा, मच्छिंद्रचा हात यायला पन चार वर्षं लागली हुती. ते आसू दे. मी म्हातारा बोलतो ते सगळं खरं धरू नको.

पन एक गोष्ट सांगतो, ती खरी धर. जो तुकडा टिकला तो काय बोलत न्हाई. जो तुटला तोच बोलतो. तू सहाजणांची तारीफ लिहिली आन् तिघांबद्दल एक ओळ लिहिली. मला ते तीन पाठव. आन् त्यांच्याच शेजारचा एक न तुटलेला पन पाठव. कुठला तुकडा पट्टीच्या कुठल्या जागेवरनं कापला ते पन लिही. तुझ्या बापाची औलाद असशील तर नंबर घातले असतीलच.

आनखी एक. तू लिवलंस "स्ट्रेचर बनवायचं आहे". ते बनलं का न्हाई बनलं?

महमूद


नगर,
२५ जानेवारी

ती. चाचा, सलाम.

चार तुकडे एसटीच्या पार्सलनं पाठवले आहेत. नंबर घातलेले आहेत. पट्टी लांबीला मी नऊ तुकड्यांत कापली, एका टोकाला १, दुसऱ्या टोकाला ९. तुटलेले तीन म्हणजे ४, ५ आणि ६. न तुटलेला तुकडा दुसऱ्या पट्टीतला, यंत्रात न लावलेला, पण जागा तीच, ५.

हे लिहिताना माझ्या प्रथमच लक्षात आलं की तिन्ही मधले आहेत. इतके दिवस वहीत आकडे होते, पण मी ते आयुर्मानाच्या क्रमानं लिहिले होते, जागेच्या नाही.

तुकडे भट्टीजवळ नेऊ नका. ग्राइंडरवर धरू नका. कीस पेटलाच तर पाणी अजिबात टाकायचं नाही, भडकतो. कोरडी वाळू टाका.

स्ट्रेचरचं काम चालू आहे. सर घाईत आहेत, कंपनीला मार्चमध्ये मोठा कार्यक्रम करायचा आहे.

निकिता


सोनई
३ फेब्रुवारी

चि. निकिता बेटी,

तुकडे मिळाले. उचलून बघितला तर हातात काही हाय का न्हाई कळंना. अर्शी म्हनाली पुठ्ठा हाय का काय.

आता ऐक. तुटलेल्या तिन्ही तुकड्यांची तोंडं भिंगाखाली धरली. वरची बाजू खरबरीत, ताजी तुटल्यासारखी. खालच्या कडेला मात्र एक बारीक पट्टा सपाट, गुळगुळीत. केसापेक्षा थोडा जाड. तिथं धातू तुटलेला न्हाई, कारण तिथं तो जुडलेलाच नव्हता.

मग न तुटलेला घेतला. वाइसमध्ये धरून खालची बाजू बाहेर येईल असा अगदी थोडा वाकवला. रॉकेल लावलं, अर्धा तास ठेवलं, कोरडं पुसलं आन् वरनं खडूची पूड लावली. आमच्या वेळी तपासायच्या मशीनी नव्हत्या, आमी चीर अशीच शोधायचो. चिरंत शिरलेलं रॉकेल खडू वढून घेतो. पाच मिनिटांत काळी रेघ आली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पेन्सिलीनं मारल्यासारखी.

तुझा हात नवा म्हनलो ते मागं घेतो. चूक हाताची न्हाई, मशीनची पन न्हाई. तुझी पिन खालपर्यंत पोचत न्हाई. टोकाला पोचते, मधी न्हाई. ज्या पोलादी प्लेटवर तू पट्ट्या आवळतेस ती काढ आन् तिच्यावर सरळ पट्टी आडवी धरून उजेडाकडं बघ. मधी खोलगट झाली असनार. रोज दाबून दाबून बसली असंल.

आन् मी विचारलं त्याचं उत्तर तू दिलं न्हाईस. स्ट्रेचर कुठं हाय?

महमूद


नगर,
९ फेब्रुवारी

ती. चाचा,

प्लेट काढली. सरळ पट्टी आडवी धरली. मध्ये खालून उजेड दिसला. मोजलं तर पाव मिलिमीटर. गाडेकर सरांना हाक मारली. त्यांनी वाकून बघितलं. मग म्हणाले, "ही प्लेट मी पाच वर्षांत एकदाही तपासली नाही."

आता जे लपवलं ते लिहिते.

स्ट्रेचर उंबरवाडीतच आहे, डिसेंबरपासून. तुम्हाला पहिलं पत्र लिहिण्याआधी पंधरा दिवस मी अहवालावर सही केली होती. सहा तुकड्यांचा अहवाल. तीन तुटलेले मी त्यात घेतले नाहीत. सरांनी तसं सांगितलं, पण सही माझी आहे. सही केल्यावर ते तीन डोळ्यांसमोरून हलेनात, म्हणून तुम्हाला विचारलं. तुम्ही "चालतं" म्हणाल आणि मला बरं वाटेल, अशी आशा होती.

मी हिशेब केलाय. वाडीपासून जीपपर्यंत साधारण साडेचार हजार पावलं. सगळ्यात कमकुवत तुकडा नव्वद हजारांना तुटला. म्हणजे वीस फेऱ्या. आणि स्ट्रेचरच्या दोन्ही लांब दांड्यांचा मधला भाग त्याच प्लेटच्या मध्यावर जोडलेला आहे. माणसाचा सगळा भार तिथेच येतो.

मी काय करू?

निकिता


सोनई
१४ फेब्रुवारी

बेटी,

काय करू हे तुला ठाऊक हाय. तरी विचारलंस, म्हनून एक गोष्ट सांगतो. ही मी तुझ्या बापालासुद्धा सांगितली न्हाई.

सव्वीस वर्षं झाली. कंपनीतनं सुटून संध्याकाळी मी गावात वेल्डिंगची कामं करायचो. नेवाशाकडच्या कल्याणनं ट्रॉलीचा हूक जोडायला आनला. जोड घातला. बाजूला एक बारीक चीर दिसली. परत तोडून घालायचा तर दोन तास गेले असते, अन् तो घाईत हुता. मी ग्राइंडर मारला, चीर दिसंनाशी झाली, वरनं काळा रंग दिला. चौथ्या दिवशी उतारावर हूक सुटला. कल्याणचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला.

त्याला वाटतं खड्ड्यानं झालं. अजून सोनईला बाजाराला आला की माझ्याकडं चहाला थांबतो. मी त्याच्या पायाकडं बघत न्हाई.

माझ्याकडं तवा चार दिवस हुते. मी एकदा जरी त्याच्या घरी जाऊन "हूक काढ" म्हनलो असतो तरी झालं असतं. लाज वाटली म्हनून गेलो न्हाई.

तू जा. आजच जा.

महमूद


नगर,
२२ फेब्रुवारी

ती. चाचा,

तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी सरांना सांगितलं. ते म्हणाले, "कंपनीला काय सांगायचं?" मी म्हटलं, "नव्वद हजार." त्यांनी गाडीची किल्ली दिली आणि म्हणाले, "कंपनीशी मी बोलतो. तू वर जा."

राजूरपुढे रस्ता संपला तिथे गाडी ठेवून चढले. वाडीत छबूबाई भेटल्या. त्या तिथल्या आशा सेविका, चाळिशीच्या असतील. औषधांची पेटी, लसींची नोंद, बाळंतिणी, सगळं त्यांच्याकडे. स्ट्रेचर त्यांच्याच ओसरीवर होतं. त्यावर तांदळाची दोन पोती होती.

"हलकं हाय ना," त्या म्हणाल्या, "म्हणून मान्सं पोती पन त्याच्यावरच वर आन्तात."

किती फेऱ्या झाल्या, हे कोणालाच माहीत नव्हतं. माणसं चार उतरवली होती. पोत्यांचा कोणी हिशेब ठेवला नव्हता.

मी सांगितलं, जोडात खालून चीर आहे, ती वाढत जाते, वरून दिसत नाही, स्ट्रेचर परत न्यायला आले आहे. लोक जमले. एक म्हातारा दांडी वाकवून बघत म्हणाला, "ह्याला काय झालंय? चांगलं मजबूत तर हाय!" एकजण म्हणाला, "दिलं, फोटो काढलं, आता नेता?"

छबूबाईंनी सगळ्यांना गप्प केलं. मला विचारलं, "मोडंल हे तुला नक्की ठाव हाय का?"

"कधी ते नक्की नाही. मोडेल हे नक्की."

"आन् हे नेल्यावर पावसाळ्यात आमी काय करायचं? झोळीच ना?"

"पावसाळ्याच्या आधी दुसरं आणते."

"ल्हून दे."

मी त्यांच्या लसीकरणाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून दिलं आणि सही केली. त्यांनी पोती स्वतः उतरवली. खाली येताना स्ट्रेचर मी एकटीनं डोक्यावर घेतलं. इतकं हलकं आहे ते, चाचा.

कंपनीनं सरांना दोन तास फैलावर घेतलं. कार्यक्रम रद्द झाला. नवीन अहवालात नऊच्या नऊ तुकडे आहेत.

निकिता


सोनई
१ मार्च

चि. निकिता,

शाबास. मच्छिंद्र असता तर काही बोलला नसता, नुसता चहा करून दिला असता.

काल कल्याण आला हुता. मी सांगितलं. सगळं, चीर, ग्राइंडर, काळा रंग. तो कपाकडं बघत बसला. मग कुबडी घेतली आन् उठला. बशीत चहा तसाच हुता.

आता ते जाऊ दे, कामाचं लिहितो. नवी प्लेट कडक पोलादाची घे. पिन खालच्या कडंपर्यंत जाते का ते आधी दोन वाया घालवायच्या पट्ट्यांवर बघ. आन् वरच्या बाजूला जे गोल गोल वळ उठतात, माशाच्या खवल्यावानी, ते एमरी पेपरनं लांबीच्या दिशेनं घास. आडवं घासू नको. आडवी रेघ म्हंजे नवी चीर.

महमूद


नगर,
११ जून

ती. चाचा, सलाम.

इतके दिवस पत्र नाही, कारण लिहिण्यासारखं चांगलं काही नव्हतं. नवी प्लेट बसवली. पिन थोडी लांब केली, तर ती प्लेटलाच घासून दोनदा मोडली. मग खालची बाजू जोडल्यानंतर थोडी तासून काढायची, असं ठरवलं. चीर राहिलीच तर ती त्यात निघून जाते. वरचे वळ तुम्ही सांगितलं तसे लांबीच्या दिशेनं घासले. हे सगळं जमायला मे उजाडला. आणि प्रत्येक तुकडा कोटीपर्यंत चालवायचा म्हणजे जवळजवळ चार दिवस. वीज गेली की यंत्र थांबतं.

पाऊस चार दिवसांवर आला आहे. माझा शब्द मोडणार आहे, चाचा. सर म्हणाले, "पाच तुकडे टिकलेत, पाठवून देऊ या का?" लगेच स्वतःच म्हणाले, "नको. दहा झाल्याशिवाय नको."

छबूबाईंना निरोप पाठवला आहे.

निकिता


उंबरवाडी
२८ जुलै

निकिताताई यांस रामराम.

रेंज न्हाई म्हनून जीपवाल्याच्या हाती चिट्टी देते.

वाडीतल्या सविताला मंगळवारी सकाळी कळा लागल्या. पाऊस लई हुता. झोळीतून उतरवली. वाट निसरडी, बांबू दोनदा खांद्यावरनं सटकला. अर्ध्या वाटंत बाळ आलं. मी दगडावर बसून, वरती प्लास्टिकचा कागद धरून बाळंतपन केलं. पोरगी झाली. पोरगी बरी हाय. सविताच्या अंगावरनं लई गेलं. दवाखान्यात हाय, रगत दोन बाटल्या दिलं. डाक्टर म्हंतात वाचंल.

मला तुमचा राग आला हुता. वाटंत मी तुमाला शिव्या दिल्या, ते पन लिहिते. ल्हून दिलं हुतं, ते पान माझ्याकडं हाय.

तुमी काय करताय ते कळवा.

छबूबाई


नगर,
२ ऑगस्ट

छबूबाईंना निकिताचा नमस्कार.

शिव्या बरोबर होत्या. शब्द मी दिला होता, मी मोडला.

काय करते आहे ते सांगते. तुमच्या ओसरीवरून नेलेलं स्ट्रेचर आम्ही अख्खंच यंत्रावर चढवलं. त्यावर साठ किलोची वाळू बांधली आणि पावलांसारखे हिसके दिले. अकरा हजार सहाशे हिसक्यांना उजवी दांडी मधोमध तुटली. म्हणजे तुमच्याकडच्या आणखी तीन फेऱ्याही झाल्या नसत्या.

हे मी माझी चूक झाकायला लिहीत नाही. सविताला झोळीतून जावं लागलं ते माझ्या पहिल्या सहीमुळे. तेव्हाच नऊ तुकडे सांगितले असते तर डिसेंबरातच काम नव्यानं सुरू झालं असतं.

पावसात वीज सारखी जाते, म्हणून आतापर्यंत नवे सातच तुकडे झाले, सातही टिकले आहेत. आठवा यंत्रात आहे. दहा झाले की दुसऱ्या दिवशी मी निघते. या वेळी तारीख देत नाही.

निकिता


सोनई
१९ ऑगस्ट

बेटी,

तू छबूबाईच्या पत्राची नक्कल पाठवलीस, ती मी खिशात ठेवली हाय.

मी नगरला येतो. नको म्हनू नको, ऐकू येत न्हाई तर तुझं नको पन ऐकू येनार न्हाई. नव्या स्ट्रेचरचे जेवढे जोड असतील त्येवढ्यांना मी माझ्या हातानं रॉकेल अन् खडू लावनार. तुझ्या यंत्रावर माझा भरवसा हाय. पन यंत्र तुकडे बघतं. जे स्ट्रेचर वर जानार, त्याचा जोड कुनीतरी बघायला पायजे.

कल्याण अजून आलेला न्हाई.

महमूद


नगर,
२५ सप्टेंबर

ती. चाचा, सलाम.

तुम्ही सोनईला परतल्यावर दहावा तुकडा तुटला. बाकीचे नऊ एकेक कोटीपर्यंत गेले, दहावा अडतीस लाखांना. सरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "हाच आपला आकडा." अडतीस लाख म्हणजे आठशेवर फेऱ्या. पण वाट खडकाळ, माणूस कधी जड, कधी पाय घसरून दांडी आपटणार. म्हणून चौथाईच्याही खाली येऊन आम्ही दोनशे लिहिलं. दोनशे फेऱ्या झाल्या की स्ट्रेचर परत घ्यायचं, चीर दिसो वा न दिसो. अहवालात दहाही तुकडे आहेत, जुने नऊही आहेत, आणि आधी मी तीन वगळले होते हेही आहे. कंपनीच्या माणसानं शेवटचं वाक्य काढायला सांगितलं. सरांनी त्याच्यासमोरच त्या वाक्याखाली स्वतःची सही केली.

परवा उंबरवाडीला गेले. सर आणि मी, दोघांनी मिळून नवं स्ट्रेचर वर नेलं. तुम्ही सोळाही जोडांवर खडू लावताना जो धोंड्यासारखा चेहरा करून बसला होतात, तो सर वाटेत मला दोनदा करून दाखवत होते.

छबूबाई ओसरीवरच होत्या. मी खाली ठेवलं. त्यांनी दोन्ही दांड्यांवरून हात फिरवला, वाकून खालची बाजू बघितली. मी सांगितलं, दोनशे फेऱ्या, माणूस असो की पोतं, प्रत्येक फेरीला रेघ मारायची. त्यांनी वही आणली, मागचं पान उघडलं. माझी फेब्रुवारीतली सही तिथे होती. तिच्याखाली त्यांनी रकाना आखला.

मग त्या स्ट्रेचरवर आडव्या झाल्या.

"उचला," म्हणाल्या.

लोक हसायला लागले. "हसता कशाला? सविताला घालायच्या आधी मला बघू द्या." सविता दारात उभी होती, पोरीला खांद्यावर घेऊन. बारीक झाली आहे, पण उभी आहे.

तिघं पुढे आले. दांडीचं चौथं टोक मी घेतलं. कोणी नको म्हटलं नाही. तीन किलोमीटर उतरलो, चाचा. भातखाचरांच्या बांधांवरून, ओढ्यातून, मग त्या खडकाच्या पायऱ्या. प्रत्येक पावलाला दांडी खांद्यावर किंचित दबायची आणि सुटायची. दोन वर्षं मी ते यंत्रात मोजलं, अंगावर प्रथमच घेतलं. पायऱ्यांवर माझा पाय घसरला, दांडी दगडावर आपटली. छबूबाईंनी डोळे उघडले नाहीत.

जीप थांबते तिथे आम्ही टेकवलं. माझा खांदा सोलून निघाला होता. छबूबाई उठून बसल्या, पदर सारखा केला, वहीत पहिली रेघ मारली.

"दोनशे झाल्यावर न्यायला तूच येनार का दुसरं कुनी?"

"मीच."

"मग ठीक हाय," म्हणाल्या, आणि दांडीखाली स्वतः खांदा देऊन म्हणाल्या, "चल आता, रिकामं वर न्यायला हात लाव."

तुमची,
निकिता